कुणाला धूड म्हणावं

१७ मे १९६१, बुधवार

आलो एकदाचा. पौडपर्यंत एस. टी.नं हाडं खिळखिळी केली, उरलीसुरली पुढं बैलगाडीनं. वाडी मुळशी धरणाच्या भिंतीसमोरच्या टेकाडावर आहे, पंधरा-वीस घरं. भिवाजीच्या पडवीत ट्रंक टेकली आणि पहिल्यांदा चहा मागितला. गुळाचा मिळाला. दोन महिने हाच प्यायचा आहे, तेव्हा तो आपल्याला आवडतो असं आत्ताच ठरवून टाकलं.

निघताना मनोरमा दारात म्हणाली, "एका शब्दासाठी दोन महिने? आणि नंदीला रोज मी काय सांगू?" मी म्हणालो, "शब्दासाठी नाही गं, नोकरीसाठी." ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला चांगलं ऐकू येतं. शब्दकोशाच्या कचेरीत मी नऊ वर्षं हंगामी आहे. नऊ वर्षांचा हंगाम कुणी ऐकलाय का कधी?

भांडण साधं आहे. कोशाच्या 'ध'च्या भागात 'धूड' हा शब्द आहे. संपादक फणसळकरांनी अर्थ दिला, 'अवाढव्य, बोजड शरीर, तुच्छतेने.' मी म्हणालो, हे अर्धंच झालं. खेड्यातली माणसं कौतुकानंही धूड म्हणतात, आणि शरीरालाच नव्हे, कुठल्याही प्रचंड वस्तूला म्हणतात. कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी आमच्या दूधवाल्या कोंडाजीचं नाव सांगितलं. तो मुळशीकडचा. गेल्या वादळात नदीकाठचा पिंपळ कोसळला तेव्हा तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आगं बाबौ, केवढं धूड!" त्याचे डोळे मी पाहिले होते. फणसळकरांनी चष्मा काढला. "आगटे, कोश डोळ्यांवर चालत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडचे पाच दाखले आणा. नाव, गाव, तारीख. कौतुकाचेच हवेत. जुलैअखेर आणलेत तर तुमचा अर्थ छापू, आणि तुम्हाला कायम करायचंही कोशाच्या मंडळापुढं ठेवू." नाही आणले तर काय, ते बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

म्हणून कोंडाजीच्या मेव्हण्याकडे, म्हणजे या भिवाजीकडे, मी येऊन पडलो आहे.

२० मे, शनिवार

दोन दाखले झाले. गुरं राखणारा म्हातारा बहिरू कड्यावरून घरंगळत आलेल्या दगडाबद्दल बोलला, "धूडच आलं वो खाली, माझी शेरडं थोडक्यात वाचली." भिवाजी मारलेल्या रानडुकराबद्दल बोलला, "धूड व्हतं निस्तं, चौघांनी उचाललं." दोन्हींत कौतुक आहे असं मी म्हणतो. फणसळकर म्हणतील, भीती आहे. म्हणोत.

पण एक गोष्ट डोकं खाते. आज वाडीच्या वरचा हिरडा बहिरूला दाखवला. चौघांनी कवटाळावं असा बुंधा. "काय म्हणाल याला?" "हिरडा म्हंतो." "अहो, पण आकार?" "बरा हाय." बरा हाय! भिवाजीच्या खोंडाला पाहून मी तोंडभर कौतुक करायला गेलो, तर तो घाईनं म्हणाला, "छ्या, बारकं हाय आजून." खांद्याला माझ्या छातीएवढं जनावर! ही माणसं मोठ्याला मोठं म्हणायला इतकी चिक्कू का?

२४ मे, बुधवार

मिळाला! असा दाखला की फणसळकरांनी चष्मा खालीच ठेवावा.

भिवाजीची आई, गोजराबाई. वय विचारलं तर म्हणाली, "धरन बांदाय लागलं तवा भिवाजी कडंवर व्हता. आता तुमीच काय त्ये बघा." म्हणजे साठीच्या पुढं. अंगानं काटकी, जिभेनं तिखट. मला मास्तर म्हणते. मी मास्तर नाही असं तीनदा सांगितलं, तर म्हणे, "कागुद घेऊन फिरतो त्यो मास्तरच."

ती रोज सकाळी शेणघाण झाली की टेकाडाच्या टोकाला एका कातळावर जाते. आज मी मागोमाग गेलो. तिथून धरणाची सगळी भिंत दिसते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिनं डोळ्यांवर हात धरला, भिंतीकडे रोखून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "केवढं धूड हाय गं बाई! केवढं धूड! केवढं धूड!" तीनदा. मग दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडली, लेकरावरून आलाबला काढावी तशी. मी तिथंच बसून टिपणवहीत उतरवलं.

उन्हाळ्यानं पाणी पुष्कळ खाली गेलंय. आतल्या चिखलात जुनी जोती आणि कुठल्याशा देवळाचा चौथरा उघडा पडलाय. बोलून झाल्यावर ती तिकडे बराच वेळ पाहत होती. मला लिहायची घाई होती.

३० मे, मंगळवार

आज न राहवून विचारलं, "गोजराबाई, ती भिंत तुम्हाला आवडते?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच चुळबुळलो. "रोज बघती न्हवं का."

"आणि रोज म्हणता तसं?"

"रोज. पयला थर चढला तवापास्नं. पावसात बी, बाळतीन व्हते तवा बी. दोन दिस ताप आला तवा तेवढं चुकलं."

पस्तीस वर्षं! एखाद्या वस्तूच्या भव्यतेनं एका निरक्षर बाईचं मन पस्तीस वर्षं भारून टाकावं, याला काय म्हणायचं? फणसळकरांना चार पानी पत्र लिहिलं. शेवटी शेवटी जरा वाहवलो, पण पोस्टात टाकून दिलं.

५ जून, सोमवार

दोन पत्रं. फणसळकरांचं चार ओळींचं: 'धरणाचा दाखला बिनतोड. 'कोणतीही प्रचंड वस्तू, कौतुकाने' हा अर्थ २ म्हणून घेतो आहे. आणखी दोन पाठवा म्हणजे मंडळापुढं माझं तोंड राहील.' बिनतोड! त्यांनी हा शब्द माझ्यासाठी नऊ वर्षांत प्रथम वापरला.

मनोरमाचं: नंदीचा गेल्या दिवाळीचा फ्रॉक गुडघ्यांवर चढलाय, ती रोज दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते आणि पेन्सिलीनं खूण करायला लावते. शेवटी एकच ओळ, 'कायमचं काय झालं?'

होईल, होईल. फक्त दोन दाखले. आता मला धीर धरवत नाही. कुणी तोंड उघडलं की मी पेन्सिल उघडतो, आणि पेन्सिल पाहिली की माणसं तोंड मिटतात.

११ जून, रविवार

माझ्या हातून काहीतरी वाईट घडलं आहे. नीट लिहितो.

भिवाजीची बायको कमळ. तिची दोन मुलं गेली. आठ वर्षांनी हा तिसरा, सहा महिन्यांचा. गुबगुबीत, दांडगा, हसरा. नाव कचरू ठेवलंय. दुपारी ती ओसरीवर त्याला पाजून खेळवत होती. मला वाटलं, आईच्या तोंडून हा शब्द आला तर त्याहून कौतुकाचा दाखला कुठला? पण ती बोलेना. म्हणून मीच मुद्दाम काडी टाकली. "काय हो कमळबाई, केवढं धूड आहे हे!"

तिचा चेहरा पांढरा पडला. पोराला पदराखाली ओढलं, माझ्या पायांसमोर थुंकली आणि आत गेली. गोजराबाई गोठ्यातून आली, "काय म्हनला?" मी शब्द पुन्हा सांगितला. मूर्खासारखा पुन्हा! ती आत धावली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या चुलीत तडतडलेल्या मला बाहेर ऐकू आल्या. मी पडवीत भिंतीला टेकून बसून राहिलो. माझं चुकलं तरी काय?

१३ जून, मंगळवार

पोराला कालपासून ताप आहे. कढत.

माझ्याशी कुणी बोलत नाही. भाकरी मिळते, चहा बंद झाला. भिवाजी समोरून जातो आणि जमिनीकडे बघतो. मी बी. ए. आहे, दृष्ट वगैरे मानत नाही. मानत नाही म्हणजे नाही. तालुक्यावरून डॉक्टरची गोळी आणवली, कमळनं घेतली, दिली की नाही देव जाणे. लहान मुलांना ताप येतोच. नंदीला वर्षातून सहादा यायचा.

तरीही खरं लिहितो, ही वही कुणी वाचत नाही. आज सकाळी ओढ्यावर तोंड धुताना मी मोठ्यानं म्हणालो, "परत घेतला, परत घेतला तो शब्द." मग इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

१६ जून, शुक्रवार

ताप उतरला. पोरगं हसलं. मला रडू आलं, तसंच येऊ दिलं.

संध्याकाळी गोजराबाईनं स्वतः चहा आणला आणि समोर बसली. "मास्तर, यवढं शिकला आन ह्ये कुनी शिकिवलं न्हाई? जित्या वस्तूला, कुनाच्या लाडक्या वस्तूला तसं म्हनू न्हाई. पडल्याल्या झाडाला म्हना. मेल्या डुकराला म्हना. त्येंचं काय जायाचं ऱ्हायलंय?"

"आणि उभ्याला म्हटलं तर?"

"आडवं व्हतं."

"कचरू तर उठला."

"तुमी वाईट मनानं न्हाई म्हनला, म्हनून. आन येकदाच म्हनला." मग तिनं पेला उचलला. "मनात धरून रोज म्हनाया लागतं." एवढं बोलून उठून गेली.

मजेदार लोकभ्रम. हिरड्याचं आणि खोंडाचं कोडं सुटलं. टिपणवहीत टीप म्हणून लिहून ठेवलं. पण यानं कोंडाजीचा पिंपळ आणि बहिरू-भिवाजीचे माझे दोन्ही दाखले डळमळतात की काय? त्या सगळ्या पडलेल्या, मेलेल्या वस्तू. उरतो एकटा धरणाचा. तो मात्र उभा आहे, देवाची कृपा.

२९ जून, गुरुवार

पाऊस, पाऊस, पाऊस. माझी चप्पल चिखलानं गिळली. अंथरूण ओलं, विडी ओली, मी ओला. चौथा-पाचवा दाखला मिळत नाही आणि मला आता विचारायची भीतीही वाटते.

फणसळकरांचं पत्र. तीनच दाखल्यांवर भागवून घेतो म्हणतात, धरणाचा इतका भक्कम आहे. 'ध'चं हस्तलिखित जुलैच्या वीसला छापखान्यात. मंडळाची सभा त्यानंतर. म्हणजे झालोच की मी कायम! मनोरमाला लगेच लिहिलं.

आनंद व्हायला हवा. पण मघाशी गोजराबाई डोक्यावर इरलं घेऊन, पायाखालची वाट दिसत नाही अशा पावसात, कातळाकडे निघाली तेव्हा मी तिला थांबवायला गेलो. धुक्यात भिंत दिसतही नव्हती. ती म्हणाली, "मला दिसती." परतताना माझ्या मनात काहीतरी आलं होतं, टोचल्यासारखं. तेवढ्यात पाय घसरून आपटलो आणि ते राहून गेलं. पुन्हा आठवायचा प्रयत्न केला नाही.

१२ जुलै, बुधवार

संध्याकाळ. घाईत लिहितोय, भिवाजी बैल जुंपतोय.

बहिरू पौडवरून धावत आला. तिथं एका ट्रकवाल्यानं सांगितलं, धरण फुटलं, पुणं पाण्याखाली गेलं. सगळी वाडी कातळाकडे पळाली. मीही. पाऊस जरा थांबला होता. भिंत समोर होती. अख्खी.

"ह्ये तर उबं हाय," गोजराबाई म्हणाली. तिचा आवाज ओळखू येईना. "मंग कंचं पडलं?"

बहिरू म्हणाला, "पानशेताचं. नवं बांदत व्हते त्ये."

"त्ये कुटं हाय?"

कुणीतरी डोंगरांच्या पलीकडे, दक्षिणेला हात केला. ती त्या बाजूला बघत चिखलात बसली. "मी तर त्येला कवा बघितलं बी न्हाई वो," असं म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. मग, "मास्तर, तुमची मानसं पुन्यात हायेत?"

आमचं घर नदीपासून शंभर पावलांवर. तळमजला. मनोरमा, नंदी. निघालो.

१६ जुलै, रविवार, पुणे

आहेत. दोघी आहेत. वरच्या मजल्यावरच्या सोमणांनी नंदीला खांद्यावर घेतलं, मनोरमा पाण्यातून जिना चढली. मला पाहून ती माझा सदरा मुठीत धरून उभी राहिली. नंदी म्हणाली, "बाबा, माझी चौकटीवरची खूण धुतली गेली." चिखल दाराच्या वर हातभर चढलाय. गल्लीतली तीन घरं नाहीत. कोपऱ्यावरची म्हातारी धोंडाबाई, भाजी विकायची ती, सापडली नाही.

काल कचेरीत गेलो. तीही तळमजल्यावर. नऊ वर्षांच्या चिठ्ठ्यांचे खोके फुगून फुटलेत, आत नुसता लगदा. फणसळकर धोतर खोचून उपड्या खोक्यावर बसले होते, एकेक चिठ्ठी नखानं सोडवून दोरीवर वाळत घालत होते. सगळ्या कोऱ्या. शाई धुतली गेली होती. तरी ते घालत होते. मी शेजारी बसून तेच करू लागलो.

मग म्हणाले, "हस्तलिखित माझ्या घरी होतं, वाचलं. दाखल्यांच्या चिठ्ठ्या गेल्या. तुमचा धरणाचा तेवढा पुन्हा लिहून द्या, आगटे. अर्थ दोन त्याच्यावरच उभा आहे."

उभा आहे, म्हणाले. आणि माझ्या हातातली चिठ्ठी फाटली.

मनात धरून रोज म्हणावं लागतं. पस्तीस वर्षं, पावसात, बाळंतपणात. कडाकडा मोडलेली बोटं. आणि मी त्याला आलाबला म्हणालो! बायका एखाद्याच्या नावानं बोटं मोडतात ती कशासाठी, हे माझ्या सात वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असेल. अरे गाढवा, तुला कान दिले कशाला?

१३ ऑगस्ट, रविवार, वाडी

ट्रंक आणि टिपणवही न्यायला आलो. खरं म्हणजे त्यासाठी नाही.

कमळनं दारातच सांगितलं, "आत्याबाई कातळावर जात न्हाईत. कोपऱ्यात बसत्यात. भाकरी पुढं ठिवली तर कोर मोडत्यात आन तशीच ठिवत्यात. तुमी बोला काय तरी, तुमचं आयकतील."

गोजराबाई घराच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला बघितलं आणि उठायला धडपडली. "मानसं?"

"सुखरूप आहेत."

"ल्येक?"

"तीही आहे. मजेत आहे."

तिनं हात जोडले. मला, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बाईनं. मी तिचे हात धरून खाली घेतले. मग ती बोलली, आणि मी पेन्सिल काढली नाही.

"त्या पान्याखाली माझं घर हाय, मास्तर. दारात तुळस व्हती. माझी पयली पोर पुरली, ती जागा हाय. उन्हाळ्यात जोतं दिसतं, तितवर जाता येत न्हाई, चिखुल वडतो. मालक धरनाच्या सत्याग्रहात येरवड्याला जाऊन आले. मी कुटं जानार? मला यवढंच येत व्हतं. वाटलं, पडल येक दिस. पानी जाईल, मी जागा बघीन. मानसं मरावी आसं कदी मनात बी आलं न्हाई. पर माझी दिष्ट लागायची तितं न लागता भलतीकडं लागली. पोराबाळांची घरं गेली."

मी तिला समजावलं. कच्चं बांधकाम, बेसुमार पाऊस, मातीचा भराव, सगळं. इंजिनेरासारखा बोललो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आसंल. तुमी शिकल्याली मानसं." मग हळूच म्हणाली, "पर आमच्या कचरूला ताप आला न्हवता व्हय?"

ओढ्यावर शब्द परत घेणारा मी, कुठल्या तोंडानं उत्तर देणार?

"तुमी माझं बोलनं कागदावर लिवलंय. तितं त्ये आजून रोज म्हनतंय. खोडा त्ये."

टिपणवही उघडली. २४ मे, गोजराबाई, धरणाची भिंत पाहून. खाली १६ जूनची टीप. खरं सांगतो, हात थांबला. अर्थ दोन चुकीचा होता हे मला कळून चुकलं होतं, पण त्या दोन पानांत एक तिसराच अर्थ होता: जे आपलं नाही, जे नाहीसं व्हावं असं वाटतं, त्या प्रचंड वस्तूला म्हणायचा शब्द. कुठल्याच कोशात हा नाही. तिच्या वाक्यासकट तो छापला तर फणसळकर उभे राहून माझ्या हातात हात देतील. मंडळाचीसुद्धा माझ्याविरुद्ध बोलायची छाती होणार नाही. हे सगळं त्या वेळी माझ्या मनात आलं. तिच्यासमोर बसून आलं, याची लाज वाटते.

आणि छापलं तर? पुढची शंभर वर्षं कुणीही पान उघडावं आणि तिनं त्या कातळावर उभं राहून पुन्हा म्हणावं. साल १९६१. वाचणारा मनाशी ते पानशेतशी जुळवून टाकेल.

दोन्ही पानं फाडली आणि तिच्या हातात दिली. तिनं त्यांत मीठ-मोहऱ्या बांधल्या, दारात येऊन पुण्याच्या दिशेला तोंड केलं, पुडी तीनदा ओवाळली आणि चुलीत टाकली. भिवाजी, कमळ, मी, सगळे बघत होतो. मोहऱ्या तडतडल्या. ती चुलीपुढं बसून ते सगळं जळेपर्यंत हलली नाही. मग कमळकडे वळून म्हणाली, "भाकर हाय का गं?"

खाल्ली तिनं. दोन खाल्ल्या.

१४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी निघताना कातळाकडून गेलो. धरण भरलंय, जोती दिसत नाहीत, देवळाचा चौथराही नाही. गोजराबाई आली नव्हती. मी उभा राहिलो आणि त्या भिंतीकडे पाहिलं. शब्द जिभेवर आला होता. गिळला आणि गाडीत बसलो.

या वहीतलं तसंच राहू देतो. ही कुणी वाचणार नाही.

३ सप्टेंबर, रविवार, पुणे

फणसळकरांना मी चिठ्ठी दिली होती: 'धरणाचा दाखला माझ्याकडे नाही. माझी समजूत चुकीची होती.' ते चष्मा पुसत राहिले. काल 'ध'चं पहिलं मुद्रित आलं. 'धूड: अवाढव्य, बोजड शरीर, तुच्छतेने.' तेवढंच. मंडळाची सभाही झाली. आगटे हंगामी. दहावं वर्ष सुरू.

मनोरमाला जेवताना सांगितलं. तिनं आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली. चिडायला हवं होतं तिनं, मला बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाली, "नक्की काय झालं तिकडे?" मी म्हणालो, सांगेन कधीतरी. सांगणार आहे, पण अजून जमत नाही.

दुपारी तिनं नंदीला नवा फ्रॉक घातला, शेजारून आलेला. पुरामुळं सगळ्यांचं सगळं शेजारूनच येतंय. सहा महिन्यांनी मोठ्या मुलीचा, तरी तोही गुडघ्यांवरच राहिला. नंदी धुऊन काढलेल्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि हसली. मनोरमा कौतुकानं म्हणाली, "अहो, बघा तरी, केवढी झालीय!"

मी इतक्या घाईनं बोललो की दोघीही दचकल्या. "छ्या! कुठं? बारकी तर आहे अजून."

नंदी रुसून आत निघून गेली. मी चौकटीवर खूण केली, जिथं तिचं डोकं पोचलं होतं त्याच्या बोटभर खाली.